दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी

दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिऊं नये, असें आपल्याकडील वडीलधारी माणसें सांगत आलीं आहेत. तहान लागली असतां कोणी पुढें केलेला तांब्या नाकारावा, असा कांहीं या म्हणण्याचा अर्थ नाहीं. ओंजळ कोणाची, तींत पाणी कोठून आलें, आणि उद्यां ती मागें घेतली गेली तर आपली तहान कशी भागेल, याचा विचार पिण्यापूर्वीं करावा, एवढाच त्याचा आशय आहे. आज ज्या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें, तो या म्हणीचाच एक नवा अवतार होय. जावास्क्रिप्ट भाषेंत लिहिलेल्या एका स्क्रिप्टनें चालतां चालतां दुसरी, परक्या सर्व्हरवरील स्क्रिप्ट बोलावून घेणें, हा तो विषय. तो रुक्ष वाटेल; परंतु ज्या वेबपृष्ठावर आपले वडील विजेचें बिल भरतात, मोठी बहीण परीक्षेचा अर्ज करते आणि आपण स्वतः निकाल पाहतों, अशा पृष्ठांशीं त्याचा निकट संबंध आहे. म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम एक घरचीच गोष्ट सांगतों. आमच्या शाळेच्या क्रीडासंमेलनासाठीं दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं चारही पथकांचे गुण दाखविणारें एक वेबपृष्ठ तयार केलें होतें. गुणांचा आलेख काढण्याकरितां त्यांनीं बाहेरची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनीं लिहून सर्वांसाठीं खुला ठेवलेला कोडचा संग्रह, उपयोगांत आणली. आपल्या स्क्रिप्टनें ही लायब्ररी बाहेरून मागवावी, दोन सेकंद थांबावें, आणि मग आलेख काढावा, अशी त्यांची योजना होती. संगणकवर्गांत ती आठ दिवस बिनचूक चालली. संमेलनाच्या दिवशीं मात्र मैदानावर शेंकडों माणसें जमलीं, बहुतेकांच्या हातांत मोबाइल, आणि इंटरनेट अगदीं मंदावलेलें. लायब्ररी दोन सेकंदांत येऊन पोंचली नाहीं. स्क्रिप्ट ठरल्या वेळीं आलेख काढावयास गेली, तों हातांत लेखणीच नाहीं! पडद्यावर पांढऱ्या चौकोनापलीकडे कांहीं दिसेना. अखेर एका मुलीनें वर्गांतून फळा व खडू आणविला, आणि पाहुण्यांनीं निकाल त्यावरून वाचून दाखविला.

मुलें खट्टू झालीं, हें साहजिक होतें. परंतु या फजितींत दोन धडे दडलेले आहेत, असें आमचें मत झालें. एक धडा वेळेचा व दुसरा विश्वासाचा. पहिला न शिकल्यास आलेख दिसत नाहीं; दुसरा न शिकल्यास काय होतें, तें पुढें सांगूं.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं निर्माण केली. पृष्ठाच्या मजकुरांत एखाद्या स्क्रिप्टचा साधा उल्लेख असला, म्हणजे ब्राउझर वरून खालीं वाचीत येतो, तेथें थांबतो, स्क्रिप्ट आणवितो, चालवितो, आणि मग पुढील मजकुराकडे वळतो. यांत वेळ जातो, पण क्रम बिघडत नाहीं. दुसरी रीत अशी कीं, एक स्क्रिप्ट चालूं झाल्यावर तीच एक नवा स्क्रिप्ट-टॅग तयार करते, त्यावर बाहेरचा पत्ता लिहिते, आणि तो पृष्ठाच्या शीर्षभागास जोडून देते. जोडतांच ब्राउझर त्या पत्त्यावर मागणी धाडतो. परंतु मागणी करणारी स्क्रिप्ट उत्तरासाठीं थांबत नाहीं. ती आपली पुढची ओळ तत्काळ चालविते. अशा रीतीनें दोन स्क्रिप्ट मागविल्या, तर आधीं मागविलेली आधीं चालेल असाही भरंवसा नाहीं. जी आधीं पोंचेल ती आधीं चालते. मागविल्याचाच क्रम राखावयाचा असेल, तर ‘एसिंक’ हा तिचा गुण मुद्दाम नाकारावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्यांची चूक येथेंच झाली. त्यांनीं घड्याळावर विश्वास ठेवला. एस. टी. पांच वाजतां सुटते म्हणून, फलाटाला गाडी लागली आहे कीं नाहीं हें न पाहतांच पांचाच्या ठोक्याला पाऊल उचलणाऱ्या उतारूची जी गत, तीच त्यांच्या स्क्रिप्टची झाली. दोन सेकंदांऐवजीं पांच सेकंद थांबलें असतें, तरी चूक ती चूकच राहिली असती. फक्त ती कमी वेळां उघडकीस आली असती. योग्य मार्ग असा कीं, गाडी आल्याची खूण पाहावी. स्क्रिप्ट येऊन चालली म्हणजे ब्राउझर ‘लोड’ नांवाची वर्दी देतो, आणि ती आणतां आली नाहीं तर ‘एरर’ नांवाची. या दोन्ही वर्द्या ऐकण्याची सोय करून ठेवावी, आणि पुढील काम पहिली वर्दी मिळाल्यावरच आरंभावें.

भाषेच्या प्रमाणकारांनींही ही अडचण ओळखली. २०१५ सालच्या प्रमाणांत ‘मोड्यूल’ म्हणजे कोडचे स्वतंत्र, परस्परांस बोलावणारे खंड आले, आणि २०२० सालच्या प्रमाणांत चालत्या कार्यक्रमांतून असा खंड हवा तेव्हां मागविण्याची ‘इम्पोर्ट’ नांवाची सोय आली. ही सोय मागणाऱ्याच्या हातीं एक ‘प्रॉमिस’, म्हणजे अक्षरशः वचन, ठेवते. वचन पुरें झालें तर काय करावें आणि मोडलें तर काय करावें, या दोन्ही गोष्टी लिहिणाऱ्यानें सांगाव्या, अशी तिची अपेक्षा असते. दुर्दैवानें पहिलीच गोष्ट लिहून थांबणारे पुष्कळ आढळतात. वचन मोडलें तर काय, हें लिहिणें त्यांस अशुभ वाटतें कीं काय, न कळे!

कोणी म्हणेल, एवढी यातायात करण्यापेक्षां लागेल तें सर्व आरंभींच आणून ठेवावें. हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं; लहान पृष्ठास तोच मार्ग उत्तम. परंतु एखाद्या पृष्ठावर गाड्यांचें वेळापत्रक आहे आणि खालीं एक कळ दाबली असतां जिल्ह्याचा नकाशाही उघडतो, असें समजा. नकाशा काढणारा कोड वजनदार असतो. ज्या खेड्यांतल्या मुलास केवळ सकाळची पहिली गाडी पाहावयाची आहे, त्याच्या माथीं तो सगळा भार कां मारावा? त्याचा डेटा पैसे देऊन घेतलेला असतो. कळ दाबली जाईल तेव्हांच नकाशाचा कोड बोलवावा, यांत शहाणपणही आहे आणि वाचकाविषयीं आदरही आहे. तसेंच, दुसऱ्याचा कोड वापरणें यांतही लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. जॉन रेझिग यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘जेक्वेरी’ या लायब्ररीवर जगांतील असंख्य संकेतस्थळें उभीं राहिलीं. प्रत्येकानें पहिल्यापासून सर्व लिहावें म्हटलें, तर विद्येची वाढच खुंटेल. आमचा आक्षेप उसनवारीस नाहीं. ती डोळे मिटून करण्यास आहे.

आतां दुसरा धडा. संमेलन आटोपल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यांस सहज विचारलें, “ही लायब्ररी तुम्ही कोणाच्या सर्व्हरवरून आणवितां?” कोणासच सांगतां येईना. कोठल्याशा उदाहरणांतून एक ओळ उतरवून घेतली होती, आणि ती चालली होती, एवढेंच त्यांस ठाऊक होतें. आमच्या मतें फळ्यावर निकाल लिहावा लागला त्यापेक्षां ही गोष्ट अधिक चिंतेची होती.

कारण असें कीं, बाहेरून बोलावलेली स्क्रिप्ट पाहुण्यासारखी ओसरीवर बसून राहत नाहीं. एकदां ती पृष्ठांत आली, म्हणजे घरच्या स्क्रिप्टला जे अधिकार तेच सर्व तिला मिळतात. पृष्ठावर वाचकानें काय टाइप केलें तें ती वाचूं शकते, मजकूर बदलूं शकते, वाचकास भलत्याच ठिकाणीं नेऊन सोडूं शकते, आणि वाचलेलें बाहेर पाठवूं शकते. ब्राउझर घरची कोण आणि उसनी कोण असा भेद करीत नाहीं. यजमानानें बोलावलें, एवढीच तिची ओळख त्याला पुरते. आणि स्क्रिप्ट दर वेळीं नव्यानें मागविली जात असल्यामुळें, काल निर्दोष आढळलेला कोड आजही तोच आहे, याची हमी कोणी देत नाहीं.

हें भय काल्पनिक नाहीं. अंध व वाचनांत अडचण येणाऱ्या लोकांस पृष्ठावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी ‘ब्राउझअलाउड’ नांवाची एक परोपकारी सेवा होती. अनेक संस्थांनीं तिची स्क्रिप्ट आपल्या पृष्ठांत बोलावली होती. ११ फेब्रुवारी २०१८ रोजीं कोणीतरी त्या एका स्क्रिप्टमध्यें लबाडीचा कोड घुसविला, आणि चार हजारांहून अधिक संकेतस्थळांच्या वाचकांचे संगणक, त्यांच्या नकळत, कोणा अज्ञातासाठीं आभासी चलन मिळविण्याच्या गणितांत राबूं लागले. त्या संकेतस्थळांत ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचें, म्हणजे जनतेच्या खासगी माहितीचें रक्षण करणाऱ्या कार्यालयाचेंही संकेतस्थळ होतें. पहारेकऱ्याच्याच घरीं चोर शिरला, आणि तोही पहारेकऱ्यानेंच बोलावलेल्या उपकारकर्त्याच्या वेषांत.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. जुन्या ब्राउझरांस नवी भाषा समजावी म्हणून त्यांच्या उणिवा भरून काढणाऱ्या स्क्रिप्ट पुरविणारी ‘पॉलिफिल’ नांवाची एक विनामूल्य सेवा होती. फेब्रुवारी २०२४ मध्यें तिचें डोमेन, म्हणजे पत्ता, ‘फननल’ नांवाच्या एका चिनी कंपनीच्या हातीं गेलें. पत्ता तोच राहिला, मालक बदलला. या सेवेचे मूळ कर्ते अँड्र्यू बेट्स यांनीं त्याच महिन्यांत लोकांस जाहीर इशारा दिला कीं, आतां ही सेवा कोणासही आवश्यक उरलेली नाहीं, ती आपल्या पृष्ठांतून काढून टाकावी. फार थोड्यांनीं ऐकलें. जून २०२४ मध्यें असें उघडकीस आलें कीं, या पत्त्यावरून येणारी स्क्रिप्ट मोबाइलवरील कांहीं वाचकांस जुगाराच्या संकेतस्थळांकडे पळवून नेत आहे. तेव्हांही एक लाखाहून अधिक संकेतस्थळें ती बोलावीतच होतीं. अखेर डोमेनची नोंद ठेवणाऱ्या कंपनीनें तो पत्ताच बंद केला. ज्यांनीं ती ओळ वर्षांपूर्वीं लिहिली, त्यांतील कित्येकांस आपण ती लिहिली होती याचें स्मरणही नसेल.

ओंजळ मागें घेतली जाण्याचा प्रकारही घडून गेला आहे. तो ब्राउझरांतला नव्हे, तर ‘एनपीएम’ या कोडच्या सार्वजनिक कोठारांतला. मार्च २०१६ मध्यें एका लेखकानें, नांवावरून झालेल्या वादांत रागावून, आपले सर्व संग्रह तेथून काढून घेतले. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नांवाचा अवघ्या ११ ओळींचा एक कोड होता. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणें एवढेंच त्याचें काम. परंतु मोठमोठ्या प्रकल्पांची रचना त्यावांचून कांहीं तास अडून राहिली. लेखकानें आपली वस्तु परत घेतली, यांत त्याला फारसा दोष देतां येत नाहीं. ११ ओळी स्वतः न लिहितां, त्या सदैव तेथें राहतील असें धरून चालणाऱ्यांस मात्र देतां येतो.

येथें आमचे कांहीं स्नेही हंसून म्हणतात, “आपली शाळा ती केवढी! आपल्या पृष्ठावर कोण हल्ला करणार?” या प्रश्नाचें उत्तर वरील दोन उदाहरणांतच आहे. त्या हजारों किंवा लाखों संकेतस्थळांपैकीं एकेकाला कोणी निवडून काढलें नव्हतें. गांवची सार्वजनिक विहीर नासली, म्हणजे वाड्यांतला आणि झोंपडींतला असा भेद राहत नाहीं. ज्याची घागर त्या विहिरींत जाते, तो आजारी पडतो. आमच्या पृष्ठावर प्रवेशअर्जांतून मुलांचीं नांवें, जन्मतारखा, पालकांचे दूरध्वनिक्रमांक येतात. शाळा लहान म्हणून ती माहिती लहान ठरत नाहीं. ज्या पालकानें ती विश्वासानें लिहिली, त्याला ‘आम्ही ती स्क्रिप्ट कोठून तरी उतरवून घेतली होती’ हें उत्तर आम्ही देऊं शकणार नाहीं.

मग उपाय काय? आमच्या अल्पमतीप्रमाणें पहिला उपाय म्हणजे लायब्ररीची नेमकी एक आवृत्ति निवडून तिची प्रत आपल्याच सर्व्हरवर ठेवणें. याविरुद्ध पूर्वीं असें सांगत कीं, सार्वजनिक सर्व्हरवरील स्क्रिप्ट वाचकाच्या ब्राउझरनें दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळासाठीं आधींच आणून ठेवलेली असते, त्यामुळें ती पुन्हां आणावी लागत नाहीं व वेळ वांचतो. तें एके काळीं खरें होतें. परंतु वाचकाच्या खासगीपणास त्यापासून धोका आहे, हें ध्यानांत आल्यावर ब्राउझरांनीं प्रत्येक संकेतस्थळाचा सांठा वेगळा ठेवण्यास आरंभ केला. सफारीनें हें पूर्वींच केलें होतें. क्रोमनें २०२० सालीं व फायरफॉक्सनें २०२१ सालीं तोच मार्ग धरला. त्या जुन्या युक्तिवादाचा पायाच त्यामुळें निघून गेला. तरी तो पाठ झालेल्या श्लोकासारखा अजून म्हटला जातो.

घरीं प्रत ठेवली म्हणजे झोंप घ्यावी, असें मात्र कोणी समजूं नये. २०१८ सालीं ब्रिटिश एअरवेज या विमानकंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर असलेल्या ‘मॉडर्नायझर’ या लायब्ररीच्या प्रतींत चोरांनीं २२ ओळी वाढविल्या, आणि तिकिटाचे पैसे भरणाऱ्यांच्या कार्डांची माहिती त्या ओळींनीं परस्पर बाहेर पाठविली. चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीस या प्रकरणीं धक्का पोंचला, आणि २०२० सालीं कंपनीस दोन कोटी पौंड दंड झाला. घरच्या कोठारालाही कुलूप लागतें.

दुसरा उपाय ठशाचा. २०१६ सालीं ‘डब्ल्यू-थ्री-सी’ या प्रमाणसंस्थेनें अशी योजना मान्य केली कीं, बाहेरची स्क्रिप्ट बोलावतांना तिच्या मजकुरावरून गणितानें काढलेला एक ठसा पृष्ठांत लिहून ठेवतां येतो. स्क्रिप्ट आली कीं ब्राउझर स्वतः तिचा ठसा काढतो. दोन्ही जुळले नाहींत, तर ती चालविण्यास साफ नकार देतो. एका अक्षराचा फरकही लपत नाहीं. स्क्रिप्टनें स्क्रिप्ट बोलवावयाची असली, तरी नव्या टॅगवर हा ठसा तसाच लिहितां येतो. परंतु या उपायाची मर्यादा विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावी. ठसा त्या एका फाइलीचा असतो. ती फाइल चालूं झाल्यावर तिनेंच आणखी तिसरी स्क्रिप्ट कोठून तरी बोलावली, तर तिसरीविषयीं आपला ठसा कांहींच सांगत नाहीं. शिवाय पॉलिफिलसारखी सेवा प्रत्येक ब्राउझरास वेगळा मजकूर देते. तिला एकच ठसा लागूं पडावा कसा? ज्या वस्तूचा ठसा घेतां येत नाहीं, ती उसनी घेण्यापूर्वीं दहादां विचार करावा, एवढें तरी यावरून निघतें.

म्हणून तिसरा उपायही जोडीला हवा. कोणकोणत्या सर्व्हरांवरून स्क्रिप्ट स्वीकारावी, याची यादी आपला सर्व्हर पृष्ठाबरोबरच ब्राउझरास कळवूं शकतो. यादींत नसलेल्या पत्त्यावरून कोणी स्क्रिप्ट बोलावली, तर ब्राउझर ती अडवितो. दारावर नांवांची यादी घेऊन बसलेल्या रखवालदारासारखाच हा प्रकार आहे. यादी जितकी आंखूड, तितका तो अधिक उपयोगी.

विद्यार्थिमित्रहो, बाहेरची स्क्रिप्ट बोलावणारी ओळ लिहिण्यापूर्वीं तुम्हीं स्वतःस पुढील प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे. ही कोणाची आहे? ही खरोखर लागते काय, कीं दहा ओळी लिहून आपणच काम भागवूं शकूं? ही बदलली, तर मला कसें कळेल? आणि ही आलीच नाहीं, तर वाचकास काय दिसेल? या प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्यापाशीं आहेत, त्यानें खुशाल उसनवारी करावी. ज्याच्यापाशीं नाहींत, त्यानें आपल्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातीं दिली आहे, असें समजावें. आणि त्या घरांत केवळ आपणच नसून आपल्यावर विश्वासून आलेले लोकही आहेत, हें विसरूं नये.

त्या दहावीच्या मुलांनीं आपलें पृष्ठ पुन्हां लिहिलें आहे, हें कळविण्यास आम्हांस आनंद वाटतो. लायब्ररीची प्रत आतां शाळेच्या सर्व्हरवर आहे. दोन सेकंदांचें घड्याळ काढून टाकून, लोड झाल्याची वर्दी आल्यावरच आलेख निघेल अशी व्यवस्था त्यांनीं केली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, चारही पथकांच्या गुणांचा साधा तक्ता मूळ पृष्ठांतच लिहिलेला आहे. आलेख आला तर शोभा वाढेल. न आला तरी कोणत्या पथकाला किती गुण मिळाले, हें प्रत्येकास वाचतां येईल. पुढील संमेलनाच्या दिवशीं फळा व खडू मैदानावर तयार ठेवावा, असेंही त्यांनीं ठरविलें आहे. तेवढा भाग आम्हांस विशेष आवडला.